स्वर्गातील पिता आणि भूतलावरील भाऊ

(वर्षावासातील रविवारच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या रविवारी सभा आटोपल्यानंतर एक माता मला भेटावयास थांबल्या. त्यांची कन्या एका मिशनच्या शाळेत सहाव्या इयत्तेत शिकते. त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, शाळेत रोज सकाळी प्रार्थना होते. तीत स्वर्गातल्या बापाला हाक मारतात. आम्ही तर गेल्या वर्षी दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. आता लेकीने ती प्रार्थना म्हणावी की न म्हणावी? न म्हणाली तर शाळेतून काढून टाकतील काय?"

कायद्याचे उत्तर मी त्यांना तेथेच उभ्या उभ्या दिले. आपणांपैकी अनेकांची मुले अशा शाळांत जातात, म्हणून तेच येथे सांगतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 28 चा तिसरा खंड असे सांगतो की, राज्याने मान्यता दिलेल्या अथवा राज्याच्या निधीतून साहाय्य मिळणाऱ्या शाळेत कोणत्याही विद्यार्थ्यावर त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात भाग घेण्याची अथवा उपासनेस हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल, तर ही संमती त्याच्या पालकाने द्यावयाची असते. त्याच संविधानाच्या अनुच्छेद 30 ने ख्रिस्ती बांधवांस अल्पसंख्य म्हणून आपल्या शाळा स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. हे दोन्ही हक्क शेजारी शेजारी नांदण्यासाठी आहेत. शाळेने प्रार्थना करावी, आपण संमती न द्यावी. यात भांडण नाही आणि अपमानही नाही.

परंतु त्या मातेच्या प्रश्नात दुसरा एक प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर उभ्या उभ्या देता येण्यासारखे नव्हते. ज्या गोष्टीस आपण नकार देतो, ती गोष्ट तरी काय आहे? न समजता दिलेला नकार हा न समजता दिलेल्या होकाराइतकाच दुबळा असतो. आपण नुकतेच एक धर्म सोडून आलेली माणसे आहोत. दुसऱ्याच्या धर्माची टिंगल करणे ही नवदीक्षितांची जुनी सवय आहे. तिच्यापासून आपण दूर राहावे अशी माझी इच्छा आहे. म्हणून आज ख्रिस्ती माणूस देवाला पिता का म्हणतो, व त्यातून काय निष्पन्न होते, याचा विचार करू.

ती प्रार्थना फार लहान आहे. शुभवर्तमानांपैकी मत्तय व लूक या दोहोंत ती आढळते. लूक सांगतो की, शिष्यांपैकी एकाने येशूस आम्हांला प्रार्थना करावयास शिकवा असे विनविले, तेव्हा त्याने ती सांगितली. आमच्या धंद्यातील माणसाची नजर दस्तऐवजातील सर्वनामांवर आधी जाते. 'मी' लिहून देतो की 'आम्ही' लिहून देतो, यावर खटले फिरतात. या प्रार्थनेत 'मी' आणि 'माझा' हे शब्द एकदाही येत नाहीत. पिता आमचा, भाकर आमची, अपराध आमचे, क्षमा आम्हांला. एकटा माणूस खोलीचे दार लावून ती म्हणू लागला, तरी त्याला अनेकांच्या वतीने बोलावे लागते. भाकरही आजच्या दिवसापुरतीच मागितली आहे, आणि मत्तयाच्या पाठात अपराधासाठी मूळ शब्द ऋणाचा आहे. आम्ही आमच्या ऋणकोंना जसे सोडले, तसे आम्हांला सोड, असा त्याचा आशय. सावकाराच्या वहीखाली ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना यातील मर्म निराळे सांगावयास नको.

देवाला पिता म्हणणे येशूपूर्वी ठाऊक नव्हते असे नाही. यहुदी लोकांच्या प्राचीन ग्रंथांतही देव हा इस्राएलाचा पिता आहे, आणि मलाखी या संदेष्ट्याने तर आपणा सर्वांचा पिता एकच असताना आपण एकमेकांशी विश्वासघाताने का वागतो, असा प्रश्न केला आहे. येशूच्या तोंडी मात्र 'अब्बा' हा अरामी भाषेतील शब्द येतो. घरातील लेकराने बापाला मारावयाची ती हाक. मराठी ख्रिस्ती लोकांनीही देवाला हाक मारताना 'पिता' बरोबर 'बाप' हा शब्द ठेवला, हे मला योग्य वाटते. पुढे 325 साली नायसिया येथे धर्मसभा भरली व विश्वासाचा मसुदा ठरला, तेव्हा त्याचा प्रारंभही एकाच देवावरील, सर्वसमर्थ पित्यावरील विश्वासाने झाला.

आता एक वाद त्यांच्यात जुना आहे, तोही सांगितला पाहिजे. हा पिता सर्व मनुष्यमात्राचा, की केवळ विश्वास ठेवणाऱ्यांचा? योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी देवाची लेकरे होण्याचा अधिकार स्वीकार करणाऱ्यांस दिला आहे. उलट पौल अथेन्स येथे मूर्तिपूजकांसमोर बोलावयास उभा राहिला, तेव्हा त्याने सर्व मनुष्ये देवाचीच संतती आहेत असे सांगितल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलेले आहे. हा वाद त्यांचे पंडित चालवोत. आपल्या कामाचे जे आहे, ते पौलाच्या पत्रांत आहे.

रोममधील मंडळीस लिहिताना पौलाने एक कायद्याचा शब्द वापरला, तो म्हणजे दत्तकविधान. तुम्ही दास नाही, तुम्हांला पुत्र म्हणून दत्तक घेतले आहे, म्हणून तुम्ही अब्बा अशी हाक मारता, आणि पुत्र आहात म्हणून वारसही आहात, असा त्याचा युक्तिवाद आहे. रोमी कायद्यात दत्तक पुत्रास नवे घर, नवे नाव व वारसा मिळत असे. आपल्याकडे 1956 चा हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम आहे, आणि तो बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम 12 प्रमाणे दत्तक अपत्य हे सर्व प्रयोजनांसाठी दत्तक घेणाऱ्या आईबापांचे अपत्य मानले जाते. सर्व प्रयोजनांसाठी, हे शब्द आपण लक्षात ठेवावेत. अर्धे दत्तक कायद्याला ठाऊक नाही. ताटावर बसू द्यावयाचे पण वाटणीत धरावयाचे नाही, असे दत्तक होत नाही.

हा विचार आपल्या लोकांच्या कानी पडला, तेव्हा त्याने काय केले असेल याची कल्पना करा. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली अहमदनगर येथे कार्य सुरू केले, आणि त्या शतकाच्या ओघात त्या जिल्ह्यातील महार व मांग समाजाची अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. ज्यांची सावली पडली तर विटाळ मानीत, त्यांना कोणी येऊन सांगितले की, तुम्ही कोणाचे दास नाही, तुम्ही एका पित्याचे वारस आहात. या कुटुंबांना भाकरीसाठी धर्म विकणारे म्हणून पुष्कळांनी हिणविले. मी त्यांना हिणविणार नाही. भाकरही हवी होती, आणि बापही हवा होता. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात निर्मीकाची कल्पना आहे. सर्व स्त्री-पुरुष एका निर्मीकाने निर्माण केले, म्हणून त्यांच्यात उच्चनीच नाही, हा तेथील युक्तिवाद वाचताना एका घराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, ही गोष्ट निराळी.

आता माझ्या धंद्याचा अनुभव सांगतो. माझ्याकडे येणारे निम्मे दावे भावाभावांचे असतात. बाप कोण याविषयी कोणाचा वाद नसतो. सातबाऱ्यावर नाव असते, भिंतीवर तसबीर असते, पुण्यतिथीला सर्व एकत्र जेवतात. वाद असतो तो विहिरीच्या पाण्याचा, बांधाचा आणि मधल्या भिंतीचा. बाप एक आहे एवढे सिद्ध झाल्याने भाऊ भावाला भाऊ मानीलच असे नाही, हे न्यायालयाच्या पायरीवर बसणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची गोष्ट आपण ऐकली असेल. तीही वाटणीपासूनच सुरू होते. धाकटा बाप जिवंत असताना हिस्सा मागतो, उधळतो, परत येतो. बाप त्याला धावत जाऊन मिठी मारतो. लोक येथेच थांबतात. पण गोष्ट थोरल्यापाशी संपते. थोरला घरात यावयास तयार नाही. तो बापाजवळ तक्रार करताना 'माझा भाऊ' असे म्हणत नाही, 'हा तुमचा मुलगा' असे म्हणतो. बाप उत्तर देताना शब्द बदलतो व 'हा तुझा भाऊ' असे म्हणतो. थोरला मग आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही.

तो आत गेला की नाही, याचा एक पुरावा न्यायालयाच्या दप्तरात आहे. तमिळनाडूत तिरुनेलवेली भागात वडक्कनकुळम नावाचे गाव आहे. तेथील रोमन कॅथॉलिक चर्च एकोणिसाव्या शतकात अशा रीतीने बांधले गेले की, त्यास दोन दालने होती, आणि ती दोन्ही एकाच वेदीपाशी येऊन मिळत होती. एका दालनात पिळ्ळै आदी उच्च समजल्या जाणाऱ्या जातींचे ख्रिस्ती, दुसऱ्यात नाडार आदी इतर ख्रिस्ती. मध्ये भिंत. वेदी एक, पिता एक, प्रार्थना एक, आणि ती म्हणताना 'आमच्या' हा शब्द उच्चारणारे दोन समुदाय एकमेकांस दिसू नयेत अशी व्यवस्था! विसाव्या शतकाच्या प्रारंभी धर्मगुरूंनी ती भिंत पाडली. तेव्हा पिळ्ळै व मुदली ख्रिस्ती मंडळी न्यायालयात गेली. त्यांची मागणी अशी की, बिशपने भिंत पुन्हा उभारावी.

मायकेल पिळ्ळै विरुद्ध बार्थ या नावाने हा दावा मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1917 च्या निर्णयसंग्रहात तो सापडतो. विद्यार्थीदशेत मी तो प्रथम वाचला. आजही तो काढून वाचतो. न्यायालयाने विचारले की, हा हक्क नेमका कशाचा आहे? दुसऱ्याचा स्पर्श होऊ नये याचाच ना? मग त्याचे मूळ विटाळाच्या कल्पनेखेरीज दुसरे कोठे असणार? आणि ख्रिस्ती माणसास ख्रिस्ती माणसाच्या स्पर्शाने विटाळ होतो, ही हानी न ऐहिक मानता येते, न आध्यात्मिक. ज्या ग्रंथांचा वादींनी त्याग केला, त्यांचा आधार आता त्यांना घेता येणार नाही. भिंत पुन्हा बांधली जावी असा आदेश न्यायालयाने दिला नाही.

बंधूंनो, या दाव्याचे दोन्ही अर्थ आपण घ्यावेत. एका पित्याची लेकरे म्हणविणारे लोक भिंतीसाठी उच्च न्यायालयापर्यंत भांडले, हा एक. आणि भिंत पाडली तीही त्याच पित्याच्या नावाने पौरोहित्य करणाऱ्यांनी, हा दुसरा. पहिला सांगावयाचा आणि दुसरा लपवावयाचा, हे वकिलाला शोभत नाही, बौद्धाला तर नाहीच.

पित्याच्या लेकींचाही एक दावा आहे. केरळातील त्रावणकोर भागातील सिरियन ख्रिस्ती कुटुंबांत 1916 च्या कायद्यान्वये मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग अथवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय या बाईंनी तो कायदा सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि 1986 साली निर्णय झाला की, तेथे 1951 पासून भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 हाच लागू आहे. लेकीचा हिस्सा लेकाइतका झाला. स्वर्गातील पित्याजवळ मुलगा-मुलगी भेद नाही असे पौल गलतीकरांस लिहून गेला होता. त्रावणकोरच्या वारसनोंदीत ते उतरावयास एका बाईला दिल्लीपर्यंत जावे लागले.

राज्य या सर्वांकडे कसे पाहते, हेही आपणांस ठाऊक असावे, कारण आपलाही संबंध येतो. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाने प्रामुख्याने हिंदू धर्म मानणाऱ्यांसच अनुसूचित जातीचे मानले. 1956 साली शिखांचा समावेश झाला. आपल्यासाठी ती दुरुस्ती 1990 साली झाली. 1956 पासून चौतीस वर्षे आपण वाट पाहिली. ख्रिस्ती दलितांचे प्रकरण 1985 साली सुसाई विरुद्ध भारत सरकार या दाव्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आले. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला चपला शिवणारा हा आदि-द्रविड ख्रिस्ती मनुष्य. सरकारने त्या धंद्यातील अनुसूचित जातीच्या लोकांस दुकानवजा खोकी दिली. याला ख्रिस्ती म्हणून वगळले. न्यायालय म्हणाले की, धर्मांतरानंतर जात उरते एवढे दाखविणे पुरेसे नाही; नव्या धर्मातही ती तितक्याच तीव्रतेने जाचते हे दाखविले पाहिजे, आणि तसा पुरेसा पुरावा समोर नाही. त्या माणसाची अवस्था पाहा. भावांनी भिंत घालावी, आणि सरकारने म्हणावे की तुमच्यात भिंत नसतेच. 2016 साली भारतातील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या धोरणपत्रात चर्चमध्येही जातिभेद आहे हे स्वतः कबूल केले. अशी कबुली देणे सोपे नसते.

बाबासाहेबांनी हा विषय फार पूर्वी तपासला होता. धर्मांतरिताच्या स्थितीविषयी त्यांनी केलेले लेखन महाराष्ट्र शासनाने 1989 साली त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केले. ख्रिस्ती झाल्याने अस्पृश्याची जात गेली काय, हाच त्यांचा रोकडा प्रश्न. त्यांनी शेवटी ज्या मार्गाने आपणांस नेले, त्यात पिता नाही. भगवंतांनी वासेट्ठ व भारद्वाज या दोन तरुणांस विचारले होते की, ज्या ब्रह्म्याकडे जाण्याचा मार्ग तुमचे आचार्य सांगतात, त्याला त्यांपैकी कोणी पाहिले आहे काय? दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात हा संवाद आहे. कोणीच पाहिलेले नव्हते. पण भगवंत तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी त्या दोघांस मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा यांचा विस्तार करावयास शिकविले.

आणि येथेच आपल्यातील व ख्रिस्ती बांधवांतील खरे अंतर मला दिसते. ते म्हणतात, माझा व तुझा पिता एक, म्हणून तू माझा भाऊ. प्रथम पिता, मग भाऊ. करणीय मेत्त सुत्तात भगवंतांनी दुसरी उपमा घेतली आहे, ती आईची. आई आपल्या एकुलत्या एक लेकराला प्राण पणाला लावून जपते, तसे मन सर्व प्राणिमात्रांविषयी वाढवावे, असा तिचा भाव आहे. म्हणजे तेथे आपण लेकराच्या जागी नाही, आईच्या जागी आहोत. ख्रिस्ती माणसाला कोणीतरी सांभाळीत आहे, हा त्याचा दिलासा आहे. आपणांस कोणाला तरी सांभाळावयाचे आहे. हे अधिक कठीण आहे, आणि एकाकीही आहे. रात्री मुलाला ताप भरला असता वर पाहून हाक मारावीशी वाटते, हे मी जाणतो. ज्यांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे, त्यांना तर विशेषच वाटेल. त्यात लाज वाटून घेऊ नये. पण हाक मारण्याऐवजी शेजारच्याचे दार ठोठवावे, आणि शेजाऱ्याने ते उघडावे, यासाठी हा संघ आहे.

शेजारी दार उघडतो काय? 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले की, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तिन्ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत. 1954 च्या आकाशवाणीवरील भाषणात ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून नव्हे, तर आपल्या गुरूपासून, बुद्धापासून घेतली, असेही त्यांनी स्पष्ट केले. वडक्कनकुळमच्या भिंतीवर आपण मघाशी हसलो. आता आपल्याकडे या. लग्नपत्रिकेवर 'बौद्ध पद्धतीने मंगल परिणय' असे छापावयाचे, आणि सोयरिकीच्या बैठकीत चहाचा पेला खाली ठेवून हळूच विचारावयाचे, "पाहुणे, तुम्ही मूळचे कोणते?" हा प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे. धाकट्या भावाच्या सोयरिकीची बैठक होती. मातंग समाजातून दीक्षा घेतलेले कुटुंब, मुलगी पदवीधर, आणि मुलीचे वडील या विहाराच्या बांधकामावर श्रमदान करून गेलेले. प्रश्न ऐकून त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले आणि पेला तसाच ठेवून ते उठले. सोयरीक झाली नाही. ती भिंत कोणी न्यायालयात नेली नाही, म्हणून तिचा निर्णय कोठे छापलेला नाही. त्यांच्या घरी मी अद्याप गेलेलो नाही. वर्षावास संपण्यापूर्वी जाणार आहे, हे येथे सर्वांसमक्ष सांगतो, म्हणजे मला टाळता येणार नाही.

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे वळतो, कारण त्या आज समोर बसल्या आहेत. मुख्याध्यापकांस द्यावयाचा अर्ज साध्या कागदावर लिहावा. त्यात एवढेच असावे की, आम्ही बौद्ध आहोत, आमच्या कन्येने धार्मिक प्रार्थनेत भाग घेण्यास आमची संमती नाही, आणि शाळेविषयी व प्रार्थनेविषयी आमच्या मनात आदर आहे. शेवटचे वाक्य गाळू नये. दोन प्रती कराव्यात, एकीवर शाळेची पोच घेऊन ती घरी ठेवावी. मुद्रांक लागत नाही, वकीलही लागत नाही. त्या वेळी वर्गात बसावे, की मैत्रिणींच्या रांगेत मुकाट उभे राहावे, हे मात्र मुलीलाच विचारा. ती रांगेत उभी राहिली, तर तिने काही गमावले असे मी मानणार नाही. ज्यांना अर्जाचा मसुदा हवा असेल, त्यांच्यासाठी मी सभेनंतर अर्धा तास येथेच बसणार आहे.